गाळावरून चालताना

होडीत एकच माणूस उभा होता. त्याच्या हातात लांब दांड्याची जाळी होती. वल्हं मारायचा, थांबायचा, पाण्यावर तरंगणारं एखादं पान जाळीत उचलायचा आणि पायाशी ठेवलेल्या टोपलीत झटकायचा. मग पुन्हा वल्हं. ऑक्टोबरातली सकाळ होती, सहा नुकतेच वाजून गेले होते. पलीकडे डोंगरांच्या रांगा एकीमागे एक लागलेल्या. पुढची काळसर, मागची निळी, त्याच्याही मागची धुक्यात विरलेली. हवेत गोडसर वास भरून राहिला होता. काठावरच्या गर्द झाडांत बारीक पिवळी फुलं दडली होती, त्यांचा तो वास. त्या फुलाला चिनी लोक 'ग्वेइहुआ' म्हणतात आणि हांगझोऊ शहराचं ते मानाचं फूल आहे. बघण्यासारखं एवढं सगळं समोर असताना माझी नजर त्या माणसावरून हलेना. तलाव साडेसहा चौरस किलोमीटरचा, आणि तो एका वेळी एक पान उचलत होता.

"एवढं काय बघतेस, आई?" लेकीनं विचारलं.

"आपल्याकडचे ढीवर आठवले," मी म्हणाले. "शिंगाड्याच्या वेली बाजूला सारत असेच डोंग्यातून जायचे."

तिला ते आठवण्याचं कारण नाही. ती नागपुरात वाढली आणि आता नोकरीनिमित्त शांघायला असते. मी तिच्याकडे महिनाभर राहायला गेले तेव्हा तिनंच बेत ठरवला. शांघायहून वेगवान गाडीनं तासाभरावर हांगझोऊ. तिथं तीन दिवस राहायचं. हांगझोऊ हे नाव आमच्या नागपूरच्या घरात एकदाच मोठ्यानं घेतलं गेलं होतं. २०२३ मध्ये तिथल्या आशियाई क्रीडास्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं तिरंदाजीत तीन सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा. त्यापलीकडे मला एवढंच ठाऊक होतं की तिथं शीहू नावाचा तलाव आहे, शीहू म्हणजे पश्चिमेचा तलाव, आणि चिनी कवींनी, चित्रकारांनी हजार वर्षं त्याचं वेड घेतलेलं आहे.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यात. आमचा जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचे उतार ओळखून मातीच्या पाळी घातल्या, पावसाचं पाणी अडवलं आणि भात-ऊस पिकवला. पुढं हे तलाव मालगुजारांकडे गेले, मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. 'माजी मालगुजारी' एवढं लांब नाव कोण घेणार? लोकांनी त्याचं 'मामा' केलं. मामा तलाव. आमच्या गावाला असा एक तलाव आणि दोन लहान बोड्या होत्या. उन्हाळ्यात पाणी आटून तळ उघडा पडला की गावातल्या बैलबंड्या आत उतरायच्या. गाळ खणायचा, बंडीत भरायचा, शेतात नेऊन पसरायचा. माझ्या आजोबांचा, आबाजींचा, हिशोब साधा होता. पावसाळा जेवढी माती आत आणतो, तेवढी उन्हाळ्यात बाहेर गेली पाहिजे. बंडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून मी त्या गाळावर बसून जायची. तो वरून तडकलेला आणि आतून ओला असायचा, आणि त्याला कुजलेल्या पानांचा, माशांचा, पहिल्या पावसाचा असा मिळून एक वास असायचा.

हांगझोऊला जायच्या आधी शीहूबद्दल वाचायला घेतलं आणि जाणवलं की हाही तलाव आबाजींच्या हिशोबावरच टिकून आहे.

फार पूर्वी इथं छ्येनतांग नदीच्या मुखाजवळची उथळ खाडी होती. नदीनं आणलेल्या गाळानं तिचं तोंड बुजत गेलं, आत पाणी कोंडलं, आणि डोंगरातल्या ओढ्यांनी ते हळूहळू गोडं केलं. म्हणजे गाळानंच या तलावाला जन्म दिला. पुढं तोच गाळ त्याच्या जिवावर उठला. उथळ पाण्यात वनस्पती माजतात, मरतात, कुजतात. त्यांचा थर बसतो, थरावर माती धरते, आणि एके दिवशी कुणीतरी तिथं बी टाकतं. आपल्याकडे पाणी मागं हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. गाळपेरीचं पीक जोमदार येतं, पण पावसाळ्यात पाणी परत येणार हे त्यात धरलेलं असतं. शीहूच्या काठावर शतकामागून शतक जात राहिलं, तसं पाणी परत येईनासं झालं आणि शेतं तेवढी राहू लागली. मोकळा सोडला असता तर हा तलाव केव्हाच भाताचं खाचर झाला असता.

तो तसा झाला नाही, कारण शहराला तहान होती. हांगझोऊची जमीन समुद्रानं मागं ठेवलेली. विहीर खणली तर मचूळ पाणी लागायचं. आठव्या शतकात ली बी नावाच्या अधिकाऱ्यानं तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलं आणि सहा ठिकाणी विहिरीसारखी कुंडं बांधून त्यांत ते सोडलं. ८२२ मध्ये बाई ज्यूयी हा थोर कवी इथला प्रशासक म्हणून आला. त्यानं बांध उंच केला, त्या सहा विहिरी साफ करून घेतल्या आणि ८२४ मध्ये जाताना तलावाच्या वापराचे नियम दगडावर कोरून ठेवले. पाण्याची पातळी किती उतरवली की किती शेत भिजतं, पाणी सोडायचं कसं, बांध राखायचा कसा. पुढच्या अधिकाऱ्याला कळावं म्हणून. तलावाच्या उत्तरेला आज जो बाईंचा बांध दाखवतात तो त्यानं घातलेला नाही. तो त्याच्या आधीपासूनचा आहे. त्याचा खरा बांध काळानं गिळला. लोकांनी मात्र उरलेल्या बांधाला त्याचं नाव देऊन टाकलं. मला ही चूक फार लोभस वाटली. गावाला आपला माणूस विसरायचा नसला की ते असं करतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सू बांधावरून चालत गेलो. तलावाच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत पावणेतीन किलोमीटरची ही वाट पाण्याच्या मधून जाते. दोन्ही बाजूंना विलोची झाडं, आपल्या नदीकाठच्या वाळुंजाची ही सख्खी नात्यातली. त्यांच्यामध्ये पीचची झाडं, एक विलो, एक पीच अशी लावलेली. वाटेत दगडी कमानीचे सहा पूल लागतात. पुलावर चढलं की दोन्हीकडचा तलाव एकदम दिसतो आणि उतरलं की पुन्हा झाडांच्या आड जातो. सायकली जातात, आजोबा नातवंडांना घेऊन फिरतात, कुणी बाकावर बसून बासरी वाजवतं. आणि हे सारं ज्यावरून चालतं तो आहे गाळ.

हा बांध घालणारा सू शी. चिनी माणसं त्याला सू दोंगपो म्हणतात. कवी, चित्रकार, सुलेखनकार, आणि पोटापाण्यासाठी सरकारी अधिकारी. १०७१ मध्ये तो हांगझोऊला दुय्यम अधिकारी म्हणून आला आणि तीन वर्षं राहिला. त्या दिवसांत त्यानं या तलावाला शी श या प्राचीन सुंदरीची उपमा दिली; ती इतकी रुजली की तलावाला तिचंही नाव लागलं. पुढं दरबारातल्या वैरापायी त्याला तुरुंग भोगावा लागला, हद्दपारी भोगावी लागली. १०८९ मध्ये तो मुख्य प्रशासक होऊन परत आला, तेव्हा जवळजवळ निम्मा तलाव वनस्पतींनी आणि गाळानं भरला होता. पहिल्या खेपेला पाहिलेल्याहून कितीतरी अधिक. हे असंच चाललं तर आणखी वीस वर्षांत तलावच उरणार नाही, असं त्यानं १०९० मध्ये सम्राटाला अर्ज करून कळवलं.

त्या अर्जाबद्दल वाचताना मी थबकले होते. सुरुवातीला तो शहराला तलाव म्हणजे चेहऱ्याला डोळे, अशा अर्थाचं काही म्हणतो. मग तलाव का वाचवावा याची पाच कारणं देतो. पुण्यासाठी मासे पाण्यात सोडतात, ते मासे मरतील. शहराला प्यायला पाणी मिळणार नाही. शेती वाळेल. शहरातल्या कालव्यांना नदीच्या भरतीचं गढूळ पाणी घ्यावं लागेल आणि ते गाळानं भरतील. मद्य गाळायला चांगलं पाणी उरणार नाही आणि सरकारचा महसूल बुडेल. सौंदर्य या पाचांत नाही. ज्या माणसानं तलावाला सुंदरी म्हटलं, तोच माणूस तो वाचवायला निघाला तेव्हा मासे, हंडे, खाचरं, नावा आणि महसूल यांच्या भाषेत बोलला. कवीच्या मनातला तलाव आणि पाणक्याच्या खांद्यावरचा तलाव त्याच्या लेखी एकच होता.

पैसे उभे करायला त्यानं भिक्षूंना द्यायचे सरकारी परवाने मागून घेतले आणि विकले. सुमारे दोन लाख मजूरदिवसांचं काम झालं. आदल्या वर्षापासून त्या भागात दुष्काळ होता. हातांना काम हवं होतं. मग तलावाशी संबंध आलेल्या कुणालाही पडेल तो प्रश्न उरला. एवढा गाळ टाकायचा कुठे? आमच्या गावी त्याला शेतं होती. इथं शहराच्या बाजूला घरं आणि बाकी तिन्ही बाजूंना डोंगर. सू शीनं तो गाळ तलावातच रचला, दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत सरळ रेषेत. लोकांना तलावाला वळसा घालावा लागायचा, तो वाचला. पाणी इकडून तिकडे खेळावं म्हणून सहा पूल ठेवले. मातीला मुळांनी धरून ठेवावं म्हणून विलो लावले. 'सू बांधावरची वसंतातली पहाट' हे पुढं शीहूच्या दहा प्रसिद्ध दृश्यांमधलं एक ठरलं. दक्षिण सुंग घराण्याची राजधानी ११३८ पासून हांगझोऊला होती, त्या काळात चित्रकारांनी या दहा दृश्यांना नावं दिली. गाळ काढण्याच्या कामातून उरलेला ढीग शंभर-दीडशे वर्षांत चित्राचा विषय झाला होता.

चौथ्या पुलाजवळ आम्ही विसावलो. लेक म्हणाली, "आई, दमलीस?" मी दमले नव्हते. माझ्या मनात एकच विचार घोळत होता. गाळ काढणं सोपं असतं. खरं कठीण असतं ते गाळ काढल्यानंतरचं दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, दहावं वर्ष. सू शी जाणार होता, बदली ठरलेली होती. त्याच्यामागं तलाव कोण राखणार?

याचं उत्तर त्या संध्याकाळी मला एका बोळात मिळालं. एक बाई स्टीलच्या मोठ्या पातेल्यातून वाफाळलेलं काहीतरी विकत होती. काळंभोर, टणक, दोन टोकं शिंगांसारखी वळलेली, बैलाचं मुंडकं असावं तसं. मी उभीच राहिले. शिंगाडे! आमच्याकडचे थोडे वेगळ्या घडणीचे, हे अधिक रुंद आणि काळे, पण ओळख पटायला क्षणही लागला नाही. लेकीनं नाव विचारलं. बाई म्हणाली, लिंगज्याओ.

"ज्याओ म्हणजे शिंग," लेक मला म्हणाली.

आपला शिंगाडा संस्कृतातल्या शृंगाटकावरून आला, त्यातही शिंगच आहे. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच फळाकडे पाहून एकच गोष्ट म्हटली होती. कागदाच्या पुडीतले गरम शिंगाडे आम्ही दातांनी फोडून खाल्ले. आतला पांढरा गर पिठूळ, किंचित गोड. एकादशीच्या दिवशी आईनं भाजलेल्या शिंगाड्याच्या पिठाचा वास माझ्या नाकात आला आणि कार्तिकात तळ्याच्या पाळीवर ढिवरांच्या बायका टोपल्या मांडून बसायच्या, ते दिसलं.

सू शीनं तलावाची राखण या शिंगाड्यावर सोपवली होती. तिथल्या शेतकऱ्यांची एक सवय त्याच्या ध्यानात आली होती. शिंगाडा लावायचा तर दर वसंतात पाणी साफ करावं लागतं. एक काडी गवत ठेवून चालत नाही, नाहीतर वेल धरत नाही. मग त्यानं काठालगतचा उथळ भाग शिंगाडा लावणाऱ्यांना खंडानं दिला. ते आपल्या पिकासाठी तण काढणार, तण निघालं की तलाव वाचणार, आणि खंडाचे पैसे पुन्हा तलावाच्याच देखभालीला लागणार. मात्र शिंगाड्याचे मळे वाढत वाढत मधल्या खोल पाण्यात यायला नकोत, म्हणून त्यानं पाण्यात तीन लहान दगडी मनोरे उभे केले. त्यांच्या आत लागवड करायची नाही.

ते मूळ मनोरे नाहीसे झाले. मिंग काळात, सतराव्या शतकात, नवे उभे राहिले. ते आजही पाण्यात आहेत. प्रत्येकाचं पोट पोकळ आणि त्याला पाच गोल झरोके. शरद ऋतूतल्या एका पौर्णिमेला चिनी लोकांचा चंद्राचा सण येतो, त्या रात्री आत दिवे लावून झरोक्यांवर पातळ कागद चिकटवतात आणि पाण्यात कितीतरी चंद्र उतरतात. त्यांचंही दृश्य दहांत आहे. चीनच्या एक युआनच्या नोटेमागं छापलेलं चित्र याच मनोऱ्यांचं. लेकीनं पाकिटातून नोट काढून माझ्या हातावर ठेवली. शिंगाड्याच्या मळ्याची हद्द दाखवायला ठोकलेली खूण होती ती, आणि आज ती देशाच्या नोटेवर आहे. हे मला आबाजींना सांगता आलं असतं तर!

त्यानंतर मी तलावाचा नकाशा वेगळ्या रीतीनं वाचू लागले. पाण्याच्या मधोमध आहे ते श्याओ यिंगचौ बेट. त्यात पुन्हा तळी आहेत, तळ्यांत कमळं, कमळांवरून नागमोडी पूल. १६०७ मध्ये उपसलेल्या गाळातून ते आकाराला आलं. त्याच्या वायव्येला लहानसा गोल उंचवटा आहे, १८०० च्या सुमाराला रुआन युआन या अधिकाऱ्यानं काढलेल्या गाळाचा. सू बांधाच्या पश्चिमेला आणखी एक बांध आहे, यांग मेंगयिंगचा. १५०८ मध्ये तो प्रशासक होता. तोवर बड्या लोकांनी तलावाचा मोठा भाग बळकावून शेतं केली होती; त्यानं ती मोडून पुन्हा पाणी केलं, आणि बड्या लोकांचा रोष ओढवून घेतला. तलावातली जी जी जमीन चित्रात येते, तिच्या खाली कुणाच्या ना कुणाच्या टोपल्या आहेत. झाडाच्या खोडात वर्षांची वर्तुळं असतात, तशी या तलावात गाळ काढल्याची वर्षं आहेत.

मधली वर्षंही दिसतात, निगा थांबली ती. १९४९ च्या सुमाराला शीहूची सरासरी खोली जेमतेम अर्धा मीटर उरली होती. लहान मूल चालत जाईल एवढी. पन्नासच्या दशकात तो पुन्हा उपसला गेला. आज ती सव्वादोन मीटरच्या आसपास आहे, आणि छ्येनतांग नदीचं पाणी निवळून घेऊन सतत आत सोडलं जातं.

लेइफंग मनोऱ्याची गोष्ट याच्या उलट आहे. तलावाच्या दक्षिण काठावर तो दहाव्या शतकात छ्यान छू या राजानं बांधला. हा राजा सम्राट अशोकाचा भक्त. अशोकानं चौऱ्याऐंशी हजार स्तूप उभारले अशी कथा आहे, म्हणून यानंही तितकेच छोटे धातूचे स्तूप घडवायचं मनावर घेतलं. चिनी लोककथेतली श्वेतनागीण याच मनोऱ्याखाली गाडली आहे असं मानत. शतकांमागून शतकं लोक तिथं यायचे आणि एक वीट काढून न्यायचे. घरात ठेवली की पीडा टळते अशी समजूत. प्रत्येकानं एकच वीट नेली. २५ सप्टेंबर १९२४ ला मनोरा कोसळला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रवींद्रनाथ ठाकूर हांगझोऊला येऊन गेले होते, तेव्हा तो अजून उभा होता. कोसळल्यावर काही विटांच्या पोकळीत बौद्ध सूत्रांच्या बारीक गुंडाळ्या सापडल्या. २००१ मध्ये पायाखालचं तळघर उघडलं तेव्हा आत अशोकाच्या स्तूपाच्या घडणीचा चांदीचा स्तूप मिळाला. २००२ मध्ये अवशेषांवर पोलादी सांगाड्याचा नवा मनोरा उभा राहिला. काचेमागं जुन्या विटांचा ढीग आहे. त्या ढिगापुढं उभी असताना मला कळत होतं की मनोरा पाडणारे हात आणि तलाव तारणारे हात सारखेच लहान होते. एकानं एक वीट नेली, दुसऱ्यानं एक टोपली.

तिसऱ्या दिवशी लिंगयिन विहाराला गेलो. चौथ्या शतकात हुईली नावाचा भारतीय भिक्षू इथं आला, त्यानं हा विहार स्थापला असं परंपरा सांगते. विहारासमोर एक टेकडी आहे. आजूबाजूचे डोंगर वालुकाश्माचे, आणि ही एकटी चुनखडीची; गुहा, कपारी, वेडेवाकडे सुळके असलेली. हुईलीनं ती पाहिली आणि तो चकित झाला. हा तर आमच्याकडचा गृध्रकूट, राजगीरचा. हा इथं कधी उडून आला? लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा त्यानं सांगितलं की याच्या गुहेत माझ्या ओळखीचं वानर आहे, आणि हाक मारली. वानर बाहेर आलं. तेव्हापासून टेकडीचं नाव फेइलाय फंग, उडत आलेलं शिखर. तिच्या अंगाखांद्यावर दहाव्या ते चौदाव्या शतकांत कोरलेल्या शेकडो मूर्ती आहेत. पोट सुटलेला हसरा मैत्रेय तर सगळ्यांचा लाडका. त्याच्यासमोर पोरं हसत फोटो काढत होती.

मी एका कपारीशी बराच वेळ बसले. घरापासून इतक्या दूर आलेला तो भिक्षू, परतीची आशा नसलेला. त्याला डोंगरात आपलं गाव दिसलं. मला तीन दिवस तेच होत होतं. प्रवासात आपण नवं बघायला निघतो, आणि मन सारखं जुन्याला हाका मारत असतं. पण हुईलीच्या कथेत एक पुढची पायरी आहे. डोंगर ओळखीचा वाटला म्हणून तो नुसता हळहळत बसला नाही. तो तिथं राहिला, विहार बांधला, त्या डोंगराला सांभाळणारा झाला.

परतीच्या वाटेवर लेकीनं बेईशान रस्त्यावरची विलोची झाडं दाखवली. २०२२ मध्ये इथले सात विलो काढून त्यांच्या जागी गुलाब लावले होते. शहरातली माणसं संतापली, लिहू-बोलू लागली. शेवटी पालिकेला विलो पुन्हा लावावे लागले. सात झाडं! या शहराची वस्ती कोटीच्या वर आहे. तलावाभोवतीच्या बागांच्या भिंती २००२ मध्ये पाडल्या आणि त्या सगळ्यांना मोफत खुल्या केल्या. त्यानंतर वीस वर्षांत तलाव लोकांच्या इतका अंगवळणी पडला होता की सात झाडं हलल्याचं त्यांना घरातलं माणूस हलल्यासारखं कळलं. तलाव राखायचा तर आधी तो असा रोजच्या येण्याजाण्यात असावा लागतो. आमच्या गावी पाळीवरून शाळेला जायची वाट होती. आता रस्ता दुसरीकडून गेला. पाणी सोडायच्या तुडुमाच्या तोंडाशी बेशरमचं रान माजलंय, पाण्यात उतरायची पायवाट बुजलीय, आणि तळं उथळ झाल्याचं गावातल्या मुलांना कुणी सांगावं लागतं.

निघायच्या आधी अर्धा दिवस उरला होता. लेकीला वाटलं होतं चहाच्या मळ्यांत जाऊ. लुंगजिंग चहा इथलाच. मी तिला म्हटलं, मला गाळ बघायचाय. १९९९ ते २००३ या काळात शीहू पुन्हा मोठ्या प्रमाणावर उपसला, त्याचा गाळ नळांतून तलावाच्या दक्षिणेच्या ज्यांगयांगफान नावाच्या खोऱ्यात नेऊन सोडला होता. काळ्या चिखलाचं सरोवर झालं असेल ते. पण गाळात तलावाची बीजं होती, कैक वर्षं अंधारात पडून राहिलेली. उजेड लागला, हवा लागली आणि ती उगवली. पाणगवतं आली, विलो आले, काही वर्षांत त्या चिखलावर आपोआप रान उभं राहिलं. बाग करणाऱ्यांनी शहाणपणा केला. सगळं रान उपटून बागेसारखं नीट लावण्याऐवजी त्याचे काही तुकडे जसेच्या तसे राखले आणि मधून लाकडी वाट काढली. २०१० मध्ये ती बाग खुली झाली.

त्या लाकडी वाटेवरून आम्ही दोघीच चालत होतो. दोन्हीकडे वाकडेतिकडे विलो. मऊ जमिनीत काही कलंडले होते, आणि कलंडलेल्यांनीही वर फांद्या काढल्या होत्या. फळीखाली काळी माती ओलसर चमकत होती. मी वाकून वास घेतला. पानांचा, माशांचा, पहिल्या पावसाचा.

"आबाजी गाळ शेतात टाकायचे, त्याचं पुढं काय व्हायचं?" लेकीनं विचारलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिनं आपणहून विचारलं होतं.

मी तिला सांगितलं. गाळ टाकला की पहिल्या पावसात शेतात धानाबरोबर तळ्यातलं तणही उगवायचं, शेतात कधी न दिसणारं. निंदणाला गेलं की ते ओळखून उपटायचं काम आम्हा पोरांचं. मात्र बांधाच्या कडेला, जिथं पाणी साचायचं, तिथली दोन-चार रोपं आबाजी उपटू द्यायचे नाहीत. तळं गेलं कधी, तर त्याचं बी कुठंतरी असावं, म्हणायचे.

ती काही बोलली नाही. फळीवर बसली, हात खाली सोडून तिनं चिमूटभर गाळ उचलला आणि बोटांत चुरून बघितला, आबाजी बघायचे तसा. मग तो होता तिथंच परत ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या मे महिन्यात सुटी मिळेल मला. तळं आटलेलं असेल ना तेव्हा?"